चारशे बारा नंबरची वात

बाराव्याची शेवटची पंगत उठली होती. मी खळ्यात उष्ट्या पत्रावळी गोळा करत होतो, तेवढ्यात संग्रहालयाची जीप आंब्याखाली येऊन थांबली आणि कानविंदे मॅडम एकट्याच उतरल्या. माझी बायको वत्सला गेली त्या दिवशी त्या येऊन गेल्या होत्या, म्हणून आज पुन्हा येतील असं मला वाटलं नव्हतं. माझ्या बहिणीनं, सुलोचना आक्कानं, पान वाढू का विचारलं. त्या नको म्हणाल्या. मग नको म्हणणं बरं दिसत नाही असं वाटून त्यांनी वाटीभर खीर घेतली आणि ती न खाता हातात धरून पडवीत बसल्या.

"मेस्त्री, हे आज विचारायला नको होतं मी," त्या म्हणाल्या. "पण सोमवारी समिती येतेय. चारशे बारा नंबर कुठं आहे?"

मी म्हटलं, कुठला चारशे बारा?

"वात. वत्सलाबाई घरी घेऊन गेल्या होत्या ती."

मी सांगितलं, तिनं ती केव्हाच परत दिली असणार. मॅडमनी मान हलवली. दोन दिवस त्यांनी कपाटं शोधली होती, बाटल्या शोधल्या होत्या, पाण्याच्या टाक्यांच्या कडेला वाकून हात घालून बघितलं होतं. वात बाहेर गेल्याची नोंद रजिस्टरात नव्हती, कारण त्यांनी ती केलीच नव्हती. विश्वासावर दिली होती. आता ऑफिसात सगळ्यांना कळलं होतं आणि हेडक्लार्क त्यांच्या तोंडावर म्हणाला होता, रोजंदारीच्या बाईच्या हातात असल्या वस्तू दिल्या की असंच व्हायचं.

"असंच म्हणजे?"

मॅडमनी खिरीची वाटी दुसऱ्या हातात घेतली. "चोरी म्हणतायत, मेस्त्री."

आक्का दारात उभी होती. ती म्हणाली, "मेलेल्या माणसाक चोर म्हणतत?" आणि आत निघून गेली.

मी मॅडमना सांगितलं, सोमवारपर्यंत शोधतो. त्यांनी खीर तशीच खाली ठेवली.

वात कसली, ते सांगायला हवं. आमच्या सावऱ्याच्या खाडीत धक्क्यासाठी गाळ काढताना एक गुराब सापडली. गुराब म्हणजे आरमारातलं तोफा चढवलेलं जहाज. अडीचशे वर्षं ती गाळात झोपली होती आणि गाळानंच तिला राखली होती. वर काढून वाऱ्यावर ठेवली असती तर महिन्याभरात तडकून भुसा झाला असता. म्हणून फळी फळी सुटी करून टाक्यांत बुडवली, मग त्या पाण्यात मेणासारखं औषध घालून वर्षानुवर्षं मुरवली. मी होड्या बांधणारा माणूस. होड्या फायबरच्या झाल्या आणि माझी करवत खुंटीला लागली, तेव्हा मॅडमनी मला बोलावलं. कुठली फळी कुठं बसते ते सांगायला. माझ्यामागून वत्सला आली. गाळ धुणाऱ्या बायकांत.

लाकडी होडीच्या दोन फळ्यांमधल्या फटीत कापसाची वात ठासून भरतात. ती उंडीच्या बियांच्या तेलात आणि राळेत भिजवलेली असते, म्हणजे पाणी आत येत नाही. वाती वळायचं काम बायकांचं. एक दिवस वत्सलानं ब्रश मारता मारता फटीतून हातभर वात अख्खी बाहेर काढली. काळी, जळवेसारखी. दुसरी कुणी असती तर गाळाबरोबर धुऊन टाकली असती. ती धरून तिनं मॅडमना हाक मारली.

"बाय, हो पीळ आमचो."

मॅडमनी विचारलं, आमचा म्हणजे कुणाचा? वत्सलाचं माहेर खाडीपलीकडचं, पोफळवणे. सगळ्या मुलखात बायका मांडीवर वात वळताना तळवा पुढे ढकलतात. पोफळवण्याच्या बायका तळवा आपल्याकडे ओढतात. त्यामुळे त्यांचा पीळ उलटा, डावा पडतो. लग्न होऊन आली तेव्हा माझी आई तिला यावरून बोलायची, पण तिनं हात बदलला नाही.

"आपल्याकडे का ओढायचं?" मॅडमनी विचारलं.

"होडी जाता भायर. वात घराकडे ओढूक व्हयी. नायतर ती परत कशी येतली?"

मॅडम हसल्या. म्हणाल्या, मग ही बुडली कशी?

"बुडली खंय? खाडीच्या तोंडार येवन बसली. इली ना परत? वायच उशीर झालो."

हे बोलणं मॅडमनी वहीत लिहून घेतलं. का, ते मला पुढं कळलं. ही गुराब इथली नव्हेच, वरच्या किनाऱ्यावर बांधलेली आणि लढाईत पकडून आणलेली, असं समितीतल्या मोठ्या लोकांचं मत होतं. इथं बांधल्याचा कागद नव्हता. मॅडम म्हणायच्या, ही वातच कागद. चारशे बारा नंबर घालून त्यांनी ती सुकवून घेतली आणि काचेच्या पेटीत लावायच्या पाटीचा मजकूर लिहिला. त्यात शेवटची ओळ होती: 'पीळ ओळखला: वत्सला दत्ताराम मेस्त्री, पोफळवणे.' मी तो कागद वत्सलाला दोनदा वाचून दाखवला. तिनं नावावरून बोट फिरवलं आणि मॅडमना म्हणाली, "पोफळवण्याचा नाव मोठा लिवा, माझा बारीक चलात." म्हणाली खरी, पण त्यानंतर आठ दिवस शेजारणी आल्या की तो कागद डब्यातून निघायचा.

पेटीत जुन्या वातीशेजारी नवी वळलेली वात ठेवायची, म्हणजे बघणाऱ्याला पीळ दिसेल, असं मॅडमच्या मनात होतं. वत्सलानं चार वळल्या. तेला-राळेत भिजवल्या, जुनीसारख्या दिसाव्यात म्हणून चार महिने खाडीच्या गाळात पुरल्या, मग धुऊन सुकवल्या. रंग जुळतोय का बघायला जुनी घरी आणली. एका संध्याकाळी सुपात पाचही मांडून ती मला म्हणाली, "सांगा बघू, म्हातारी खंयची?"

जुनीची नंबराची फीत तिनं आधीच सोडून वातींच्या डब्याच्या झाकणात टाकली होती. मी पाचही उचलून बघितल्या, वास घेतला, आणि एक पुढे केली.

"ती माझी," ती म्हणाली. "चाळीस वर्सां होडये बांधल्यात आणि बायलेची वात वळखूक येना नाय."

इतकी हसली की ठसका लागला. मग तिनं एका वातीचं टोक नखानं जरासं उलगडून दाखवलं. आत निळा धागा होता, तिच्या साडीच्या काठाचा. चारीही वातींत तिनं तसा एकेक धागा वळताना घातला होता. बाहेरून दिसायचा नाही.

"आपली वस्तू आपणाक कळाक व्हयी," ती म्हणाली.

त्याच संध्याकाळी तिनं मला तो पीळ शिकवायचाही प्रयत्न केला. मी मांडीवर कापूस घेऊन बसलो. हात पुन्हा पुन्हा पुढेच जायचा. शेवटी तिनं कापूस काढून घेतला. म्हणाली, "तुमच्या हाताक भायर जावची सवय. तुमका जमाचा नाय."

मग तिला ताप आला. पाचव्या दिवशी पहाटे ती गेली.

मॅडमची जीप वळली तसा मी आत जाऊन तो डबा काढला. आतल्या वाती सुपात ओतल्या. चार. झाकण उलटं करून आपटलं तर पांढरी फीत पडली. ४१२.

पाच होत्या, चार राहिल्या. म्हणजे जुनी यातच असणार आणि तिच्या चारातली एक मी वापरली असणार, असं मी स्वतःला सांगितलं. कारण एक मी वापरली होती, हे मला मॅडम बोलत असतानाच आठवलं होतं.

ती गेली त्या दिवशी तिला जिथं निजवलं होतं तिथं आक्कानं दिवा लावायला घेतला. बाराव्यापर्यंत तो विझू द्यायचा नसतो. घरात कापूस नव्हता. आक्कानं वात मागितली, तर मी हा डबा उघडला. आक्का म्हणाली, "ही काळी वात कसली?" मी म्हटलं, तिनंच वळलेली आहे, हीच घाल. आणि पाचांतली सगळ्यांत लांब होती ती निवडली, म्हणजे मधेच बदलावी लागू नये. पणतीत गुंडाळून ठेवली की टोक तेवढं पुढे सारत राहायचं. जुनी त्यात असेल हे माझ्या डोक्यातच आलं नाही. त्या दिवशी माझ्या डोक्यात काहीच येत नव्हतं.

दिवा बारा दिवस तडतडत होता. मिठाचा खडा पडावा तसा. येणाऱ्या बायका त्याच्याकडे बघून आपसात बोलायच्या. आक्कानं मला दोनदा विचारलं, "दत्ता, दिवो तडतडता. तिचो जीव खंयतरी अडकलो हा. तिचा काय रवला?" मी म्हणायचो, काही नाही राहिलं. पण मलाही बसवत नव्हतं. ओटीवर बसलो की उठून आत दिवा बघायला जायचो, आत गेलो की बाहेर यायचो.

मी सुपातली पहिली वात उचलली आणि टोक नखानं उलगडलं. निळा धागा. दुसरी उलगडली. निळा धागा. तिसरी उलगडली. तिच्यातही होता. चौथी मी बराच वेळ उघडलीच नाही. हातात धरून खिडकीपाशी गेलो, परत आलो, पाणी प्यालो. मग उघडली.

चारीही तिच्या होत्या.

बाहेर आलो तर आक्का दिवा खाडीत सोडायला निघाली होती. टोपलीत पणती, फुलं, दिव्याखालचं पीठ. मी तिला थांबवलं आणि पणतीच्या तळाशी बोट घातलं. दोन बोटं लांबीचा काळा तुकडा तेलात राहिला होता. तो काढून मी धोतराच्या सोग्यात गुंडाळला. आक्का म्हणाली, "ता कित्याक?" मी म्हटलं, असू दे, तिची खूण. तिला ते पटलं. माझ्या पाठीवरून हात फिरवून ती गेली.

तो तुकडा मी उन्हात धरून बघितला. जळून कोळसा झाला होता तरी पीळ तसाच होता. डावा.

तीन दिवस होते. पहिल्या दिवशी मी संग्रहालयात जाऊन खरं सांगायचं ठरवलं आणि फाटकापर्यंत गेलोही. फाटकाशी हेडक्लार्क भेटला. त्यानं माझा हात हातात घेतला, फार वाईट झालं म्हणाला, आणि मग आवाज उतरवून म्हणाला, "मेस्त्री, घरात नीट बघा. बायका असल्या वस्तू देवाबिवात ठेवतात. नाहीतर कुणा दलालाला दिली असेल, तेही सांगून टाका. आता तिला कोण काय करणार आहे?"

मी त्याला काय सांगणार होतो? वत्सलानं नेलेली अडीचशे वर्षांची वात मी तिच्याच दिव्यात जाळली? तो हसला नसता. पण गावात जाऊन सांगितलं असतं, आणि ऐकणाऱ्यातल्या निम्म्यांनी म्हटलं असतं, मेस्त्रीनं बायकोची चोरी झाकायला काय पण गोष्ट रचलीय. मी फाटकातूनच परत फिरलो.

दुसरा दिवस मी होडीच्या जुन्या मांडवात काढला. काम काही नव्हतं. रंधे काढले, पुसले, पुन्हा ठेवले. पाटीच्या मजकुराचा कागद खिशात होता. वात नाही तर पाटी नाही. पाटी नाही तर वत्सला मेस्त्री म्हणजे वात नेणारी बाई, आणि पोफळवण्याचं नाव कुठंच नाही.

तिसऱ्या दिवशी, रविवारी दुपारी, मी जेवून पडवीत बसलो, चारांतली एक वात मांडीवर घेतली आणि टाचणीनं तिच्या टोकातला निळा धागा ओढायला लागलो. राळेनं तो धरून ठेवला होता. ओढता ओढता बोटभर वात उलगडली. धागा निघाला तेव्हा तो वीतभरही नव्हता. तो मी डब्यात ठेवला. मग उलगडलेलं टोक पुन्हा वळायला घेतलं. तळवा आपल्याकडे ओढायचा, आपल्याकडे ओढायचा, असं तोंडानं म्हणत होतो. हात पुढेच जात होता. डावा पीळ घालायला गेलो की कापूस सुटायचा. चार वेळा केलं. पाचव्या वेळी जसा पडला तसा पडू दिला. बोटभर टोक उजव्या पिळाचं झालं.

आक्कानं आतून विचारलं, "काय करतंस?"

"काय नाय. टोक सैल झाला हा."

सोमवारी सकाळी समितीच्या आधी मी मॅडमच्या खोलीत गेलो. रुमालातून वात काढून टेबलावर ठेवली, शेजारी फीत ठेवली. सांगितलं, तिच्या डब्यात होती, तिच्या वातींबरोबर. हे खोटं नव्हतं, असं मी येताना वाटेभर स्वतःला पटवत होतो.

मॅडमनी दार लोटून घेतलं. भिंग घेऊन त्या वातीवर वाकल्या. भिंग सावकाश एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे गेलं आणि त्या टोकाशी थांबलं. मग त्यांनी भिंग ठेवलं आणि नखानं ते टोक जरासं उलगडलं, अगदी वत्सला उलगडायची तसं. वत्सलानं त्यांना धागा दाखवला होता की काय, मला माहीत नव्हतं. आत काही नव्हतं. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी खिडकीतून टाक्यांकडे बघत होतो.

"सापडली म्हणायची," त्या म्हणाल्या.

"होय."

त्यांनी फीत उचलली आणि स्वतःच्या हातानं वातीला बांधली. एक गाठ मारली. थोडं थांबून दुसरी मारली.

समितीचे लोक दुपारपर्यंत वातीभोवती होते. मी नमुना म्हणून दिलेली वत्सलाची दुसरी वात शेजारी ठेवून त्यांनी पीळ ताडून बघितला. जुळला. न जुळून काय करतो? त्यातल्या एका म्हाताऱ्या गृहस्थांना टोकाचा उजवा पीळ दिसला आणि ते फार खूश झाले. म्हणाले, पीळ सुटू नये म्हणून टोकाला मुद्दाम उलटा फास दिलेला आहे, ही फारच बारीक कारागिरी आहे. मला विचारलं, मेस्त्री, अशी पद्धत होती का? मी म्हटलं, मी कधी पाहिली नाही. पुढे त्यांनी त्यावर चार पानं छापली. मॅडमनी ती मला पाठवली होती, सोबत चिठ्ठी नव्हती.

गुराब इथलीच ठरली. आता ती उभी आहे, फळीला फळी लागून, मोठ्या शेडमध्ये, आणि शाळांच्या सहली येतात. पेटीत दोन वाती आहेत. एकीखाली लिहिलंय, 'अठरावं शतक. वळणारीचं नाव ज्ञात नाही.' दुसरीखाली, 'नमुना.' आणि शेवटच्या ओळीत वत्सलाचं नाव आहे, पोफळवण्याच्या नावाइतक्याच मोठ्या अक्षरात. हेडक्लार्कनं उद्घाटनाच्या दिवशी मला पेढा दिला आणि म्हणाला, मी म्हटलं नव्हतं, घरातच असेल?

मॅडमची बदली झाली तेव्हा त्या निरोप घ्यायला घरी आल्या. या खेपेला चहा प्यायल्या. निघताना चप्पल घालता घालता म्हणाल्या, "मेस्त्री, त्या वातीचं टोक कुणीतरी नीट वळायला हवं होतं."

"मला तो पीळ येत नाही, मॅडम," मी म्हटलं.

त्या खळ्यात उतरल्या. मग म्हणाल्या, "जळलेला कापूस सडत नाही, माहीत आहे तुम्हाला? कोळसा हजार वर्षं टिकतो. आमच्या कामात त्यासारखा पुरावा नाही." जळलेल्याबद्दल मी त्यांना कधी काही बोललो नव्हतो. पण आक्का बोलकी आहे, आणि चहा तिनंच केला होता.

वत्सला जाऊन आता नऊ वर्षं झाली. गेल्या आठवड्यात नवीन साहेबांचा माणूस येऊन सांगून गेला की चारशे बारा नंबरचा छोटा तुकडा वय तपासायला प्रयोगशाळेत पाठवायचा आहे, येत्या सोमवारी कापणार आहेत, जुना माणूस म्हणून मी हजर असावं. तो तुकडा दहा वर्षांचासुद्धा निघणार नाही, हे मला माहीत आहे. तसं झालं तर पहिली उतरेल ती पाटी.

डबा इथंच आहे. त्यात दोन बोटं लांबीचा कोळसा आहे, निळ्या धाग्याचा तुकडा आहे आणि तिनं वळलेल्या दोन वाती आहेत. तो घेऊन संग्रहालयात जायचं, तपासायचा तर हा कोळसा तपासा म्हणायचं, कुठली वात कुणी वळली ते सांगायचं, आणि 'ज्ञात नाही' लिहिलंय तिथं तिचं नाव लिहायला लावायचं. आज शनिवार आहे. मी अजून गेलेलो नाही.